नाक हे माहितीचे साधन नव्हे

३ जून, सकाळी ६.१०
डेअरीत गुणवत्ता अधिकारी म्हणून रुजू होऊन आठ दिवस झाले. शिसारी आली आहे. आत येणाऱ्या दुधाचा निवाडा इथे एक बाई नाकाने करते. कॅनचं झाकण उघडायचं, नाक खुपसायचं, ‘घ्या’ नाहीतर ‘परत’ म्हणायचं. बस्स. सगळे तिला मावशी म्हणतात. काल माझ्याही तोंडून गेलं.
मावशी महिनाअखेर निवृत्त. मॅनेजरांनी विचारलं, मग पुढे कसं? मी म्हणालो, त्यांच्या डोक्यातली माहिती मी कागदावर उतरवतो. माहिती बाईत असली काय नि फायलीत असली काय, एकच.
संकल्प: दीडशे पानी मॅन्युअल. रोज दहा पानं.

५ जून
पानं: शून्य. प्रश्नावलीत वेळ गेला. बेचाळीस प्रश्न.
मावशींना गाठलं. प्रश्न पहिला: खराब दुधाला वास कसा येतो? म्हणाल्या, खराब. दुसरा: कळतं कसं? म्हणाल्या, आधी पोटाला कळतं सर, मग नाकाला. डोक्याला सगळ्यात शेवटी.
शरीरशास्त्राचं इतकं अज्ञान! कीव आली. उरलेले चाळीस प्रश्न तसेच राहिले. डबाही तसाच परत आणला. अख्ख्या इमारतीला ओल्या फडक्याची घाण येते.

९ जून
पानं: एक (मुखपृष्ठ).
मावशींना विचारलं, हे तुमचं उपजतच का? म्हणाल्या, उपजत कसलं! नोकरीच्या पहिल्या वर्षी एक कॅन संशय येऊनही पास केला, कशाला हुज्जत घाला म्हणून. त्यातलंच दूध घरी नेलं. लेक तीन वर्षांची. चार दिवस दवाखान्यात होती. वाचली. पण त्या झाकणाचा वास अजून इथे आहे, म्हणत त्यांनी गळ्यावर बोट ठेवलं.
हा किस्सा झाला, माहिती नव्हे. वगळला.

१२ जून
नवं मशीन आलं! थेंबभर दूध, दोन मिनिटं, तीन आकडे: फॅट, पाणी, आंबटपणा. मशीनला सर्दी होत नाही, लेकही नसते.
घरी प्रात्यक्षिक म्हणून तापत्या दुधात थर्मामीटर धरला. आकडा वाचेपर्यंत दूध उतू गेलं. त्याआधीच ही बाहेरच्या खोलीतून ओरडली होती, अहो, गॅस बंद करा! तिला तिथून कसं कळलं? योगायोग. ओटा मलाच पुसावा लागला. किळसवाणं काम.

१७ जून, सकाळी ७.४०
आज निकाल लागला. गाडीतल्या एका कॅनला मावशी म्हणाल्या, परत. मी मशीन लावलं. तिन्ही आकडे उत्तम! मॅनेजर, ड्रायव्हर, धुण्याच्या विभागातल्या बायका, सगळे जमले. अशी संधी पुन्हा येत नाही. पेला भरला.
मावशींनी चक्क माझा हात धरला. म्हणाल्या, नको सर, हट्ट माझ्याशी करा, पोटाशी नको. मी एका दमात प्यायलो. शंका राहू नये म्हणून दुसराही.
चव किंचित वेगळी. पौष्टिक असावं.

१७ जून, ११.४०
पोटात हालचाल. विजयाचा उत्साह.

१७ जून, १२.०५
उत्साह नव्हे.

२१ जून
दवाखाना. चादरींबद्दल न लिहिलेलंच बरं. स्वतःबद्दलही.
ड्रायव्हर भेटायला आला. झाकणाच्या रबराखाली जुनं दूध सडलेलं होतं म्हणे. म्हणजे मशीन चुकलं नाही. मशीनला रबराबद्दल कोणी विचारलंच नव्हतं. मी पोट धरून धावलो तेव्हा मावशींनी तो कॅन गटारात ओतवला, नाहीतर ते दूध मोठ्या टाकीत जाऊन सगळंच नासलं असतं.
संध्याकाळी मावशी आल्या. मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं. त्या निघताना मी हात जोडले. सलाईनचा परिणाम.

२६ जून
मावशींना दोन वर्षं मुदतवाढ. मला त्यांच्या हाताखाली दिलं. संशोधनाची सोय म्हणून मी मान्य केलं.
एक थोर शोध: आता झाकण उघडताच माझ्या पोटात ढवळतं. आधी पोटाला, मग नाकाला! जे कमवायला मावशींची हयात गेली, ते मला दोन पेल्यांत मिळालं. योग्य पद्धतीने शिकलं की वेळ वाचतो.
मॅन्युअल रद्द. गरजच काय?

३० जून
परीक्षा. मीच आग्रह धरला, मॅनेजरांनाही मुद्दाम खाली बोलावलं. मावशींनी चाळीस कॅन ओळीने मांडले. मी डोळे मिटून एकेक झाकण उघडत गेलो. पहिल्यालाच मळमळलं. दहाव्याला डोळ्यांत पाणी. पंचविसाव्याला भिंत धरली. तरी कर्तव्य सोडलं नाही. चाळीसच्या चाळीस परत! मॅनेजरांना म्हणालो, साहेब, ही डेअरी आहे की उकिरडा?
मॅनेजरांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी जमिनीकडे. मग अगदी हळू म्हणाल्या, सर, हे कॅन काल नवे आलेत. यांत दूध अजून शिरलेलंच नाही.