पाळ कोरडी आहे

१४ मार्च १९८३
ओव्हरसियर साहेब आले. तीन महिन्यांनी. मोटारसायकल तलावाच्या पाळीवरून, मातीच्या बांधावरूनच फिरवली, कारण खाली उतरलं की बुटाला चिखल लागतो. म्हटलं साहेब, तो चिखलच दाखवायचा आहे. उन्हाळा लागला, आणि पाळीच्या पायथ्याशी चिखल कशाचा? नाक मुरडत उतरले. पाळीतून पाझरून साचलेला झिरा पाहिला, ओंजळीने पाणी प्यायले. "अरे, गोड आहे की!" मग वर जाऊन रजिस्टरमध्ये लिहिलं: पाळ कोरडी आहे. खाली माझी सही मागितली. केली.

१५ मार्च
कालचा राग अजून उतरला नाही. नऊ वर्षं झाली या तलावावर चौकीदार आहे. ज्या म्हाताऱ्या मुकादमाने मला काम शिकवलं तो सांगायचा, मातीची पाळ थोडीफार पाझरतेच. पाणी निवळ आहे तोवर जेव, झोप. गढूळ आलं की समज, आतली माती निघून चालली. म्हणून रोज सकाळी झिऱ्याचं पाणी काचेच्या ग्लासात घेतो आणि उन्हासमोर धरतो. पाळीखालच्या वस्तीतल्या, टोलीतल्या लोकांना वाटतं मी नवस केलाय.
आज निवळ.

२ एप्रिल
बायांनी झिरा खोल केला. सब्बलीने, लोखंडी पहारीने! हंडा नीट बुडावा म्हणून. पाळीच्या पायथ्याला सब्बल मारली, वर काठाला दगड रचले आणि एका दगडाला शेंदूर फासला. मी सायकल टाकून धावलो.
"काहून खोदून राहिल्या वं? पाळ फुटली तं पयले तुमचीच घरं जातीन!"
सगुणाबाई पुढे. टोलीत तिच्या तोंडाला सरपंचही लागत नाही. म्हणे, "पाइप तुह्या सायबाचा, झिरा आमचा. त्याले हात लावून तं पाह्य."
तलावाचं पाणी लोखंडी पाइपातून शहराला जातं. पाइप टोलीच्या मधोमध गेलाय आणि टोलीला एक तोटी नाही. विहीर होळीलाच आटते. चाळीस घरं पाळीच्या गळतीवर जगतात, आणि ती गळती बंद करा म्हणून अर्ज करणारा मी. बाया मला वैरी समजतात. त्यांच्या जागी मीही समजलो असतो.

४ एप्रिल
घरात भांडण. शेवंताला म्हटलं, तू तरी तिथे जाऊ नको, चौकीदाराची बायको तू.
"मंग कोठं जाऊ? मी बी तिथूनच भरून राहिली. तुमी आज आंघोळ कोन्त्या पान्यानं केली जी?"
ताट ओढून जेवायला बसलो.

२० मे
तिसरा अर्ज. पायथ्याशी वाळू-गिट्टीचा थर द्या म्हणजे पाणी निघेल पण माती निघणार नाही, आणि टोलीला एक तोटी द्या. सायकलने ऑफिसात नेऊन दिला. ओव्हरसियर साहेब वाचून म्हणाले, एका अर्जात दोन विषय चालत नाहीत. तिथेच बाकावर बसून दोन केले. मग म्हणाले, तोटीचा अर्ज नळाच्या खात्याकडे द्या. आणि गळतीचा? "गळती कुठे आहे? रजिस्टरमध्ये तर पाळ कोरडी आहे." रजिस्टर उघडून पुढे सरकवलं. नऊ वर्षांच्या पानांवर एकच वाक्य, आणि प्रत्येकाखाली माझी सही.
येताना लाखनीला ट्रकच्या धुळीत चहा प्यायलो. तो माणूस मला खोटं पाडत नव्हता, माझंच लिहिलेलं वाचून दाखवत होता.

९ जुलै
पाऊस नाही. धानाची रोवणी अडली. तलावात पाणी कमी, झिराही बारीक. म्हणून पाळ बरी आहे. टोली तहानलेली असली की माझी पाळ सुखात. असली नोकरी!

२७ ऑगस्ट
पाच दिवस धो धो. तलावातल्या पाण्याचं गेज आठवरून तेरा फुटांवर. शहरातले लोक तलाव पाहायला आले, भजी खाऊन कागद पाळीवर टाकून गेले. झिरा मनगटाएवढा झालाय. निवळ.

८ सप्टेंबर
काल पोळा. बैल धुतले, सजवले, सगळी टोली खुशीत. गेज साडेचौदा. सांडव्यावरून पाणी जायला हातभर बाकी.
आज सकाळी ग्लासात पाणी घेतलं. निवळ म्हणावं की न म्हणावं, असं. डोळे चोळून परत घेतलं. तसंच. काल बैलांच्या पायांनी खळबळलं असेल.

९ सप्टेंबर
बैल नाहीत. पाऊस नाही. रात्रीच झिऱ्यावर टिनपत्रा टाकून ठेवला होता, तरी सकाळी पाणी चहाच्या रंगाचं. अर्धा तास ग्लास ठेवून दिला, तळाला बोटाच्या पेराएवढी माती बसली. पाळीची माती.
सायकल काढली. ऑफिसात ओव्हरसियर साहेब नाहीत, सुटीवर. मोठे साहेब मीटिंगमध्ये. दोन तास दारात उभा, माती बसलेला ग्लास हातात धरून. शिपाई हसत होता. शेवटी साहेब बाहेर आले, चालता चालता म्हणाले, लक्ष ठेवा. आणि तलावाचं गेट उघडू नका, शहराचं वर्षभराचं पाणी आहे ते.
लक्ष ठेवा! नऊ वर्षं दुसरं काय केलं?

घाईत लिहितोय, दुपार. परत आलो तर बाया तेच गढूळ पाणी लुगड्याच्या पदरातून गाळून भरत होत्या. म्हटलं, टोली खाली करा, शाळेत चला. सगुणाबाई म्हणे, "धान निसवून राहिला, ढोरं बांधली हायेत, अन् तू शाळेत चला म्हनतं? चार दिवसानं निवळते पानी."
कोणी उठलं नाही. तलाव उतरवला तरच पाळ वाचेल, म्हणून गेटवर गेलो. शेवंताला सांगितलं नाही. चाक घट्ट, एकट्याने फिरवलं. हात सोलले. पूर्ण उघडलं.

१० सप्टेंबर
नाल्यात पाणी मावलं नाही. टोलीच्या चार बांध्या, म्हणजे खाचरं, उभ्या धानासकट झोपल्या. त्यातल्या दोन ज्याच्या, तो रामाजी दारात येऊन शिव्या देऊन गेला. बायकोसमोर, आईवरून. ऐकून घेतल्या.
गेज बारा. झिरा गढूळच.

१२ सप्टेंबर
गेज पाच. झिरा निवळला!
पण जीप आली. मोठे साहेब, ओव्हरसियर साहेब आणि शहरातली चार पांढऱ्या कपड्यांची माणसं. सगळे पाळीवर उभे राहून रिकामा तलाव पाहत होते. मी खाली उभा राहून ओरडत होतो, इकडे या, इथे पाहा. साहेब उतरले. झिऱ्यातून पाणी घेतलं. निवळ, गोड.
"यासाठी तू शहराचं पाणी सोडलंस?"
ग्लासातली माती दाखवली. म्हणाले, माती कुठूनही भरता येते.
साहेबांनी गेट बंद करवलं. चाकाचा दांडा काढून जीपमध्ये टाकला. मला कामावरून कमी. क्वार्टर महिनाअखेर सोडायचं.
पाळ फुटली असती तर मी चांगला चौकीदार ठरलो असतो. फुटली नाही, म्हणून गुन्हेगार.

१५ सप्टेंबर
झिरा आटला. तलाव उतरला, आटणारच. बाया आता नदीवर जातात, जाऊन-येऊन तीन मैल. माझ्या दारावरूनच रस्ता. एकही वर पाहत नाही. शेवंता त्यांच्या मागे मागे जाते, वीस पावलं अंतर ठेवून. तिला त्यांच्यात घेत नाहीत.
हे मात्र सहन होत नाही. मला शिव्या द्या, तिने काय केलं?

१९ सप्टेंबर
नवीन चौकीदार आला. भला माणूस, बपेऱ्याकडचा. तीन पोरींचा बाप. त्याला सगळं सांगितलं, ग्लासाचंही. ऐकून घेतलं. म्हणे, "दादा, मले नोकरी टिकवाची हाय." त्याचं खोटं नाही.

२६ सप्टेंबर
परतीचा पाऊस. पाच दिवस थांबला नाही. गेज आता माझ्या हातात नाही, पण दिसतं. तेरा असेल.

२८ सप्टेंबर
सकाळी सगुणाबाई स्वतः दारात. डोक्यावर हंडा नाही. म्हणे, "चाल जरा."
जुना झिरा भरून आलेला. पण त्याच्यावर, पाळीच्या अंगात, पुरुषभर उंचीवर, नवं पाणी फुटलंय. दोन जागी. तांबडं. हात लावला तर कडेची माती सुटून हातात आली. नवा चौकीदार तिथेच उभा, तोंड पांढरं. गेट उघडायला दांडा नाही. दांडा ऑफिसात. नवा चौकीदार सायकलने तो आणायला गेला. आणेल? मला नाही वाटत.
पाच-सहा बाया गोळा झाल्या. सगळ्यांच्या मागे शेवंता. सगुणाबाईने विचारलं, "तूच सांग. टोली उठवू का?"
इतकी वर्षं ओरडलो, तेव्हा कुणी ऐकलं नाही. आज विचारलं आणि मी हिशोब करू लागलो. मागच्या वेळी चार बांध्या गेल्या. या वेळी घरं उघडी टाकायची, म्हातारीकोतारी, बाळंतीण उचलायची, ढोरं सोडायची. आणि पाळ पुन्हा नाही फुटली तर?
म्हटलं, "उठवा."

संध्याकाळचे पाच. सगळी टोली शाळेत. रामाजीसुद्धा, माझ्याशी न बोलता. पोरं वर्गात धावतात, बाळंतिणीला हेडमास्तरांची खोली दिली. नवा चौकीदार परतला नाही. पाऊस थांबलाय. उन्हाची तिरीपसुद्धा आली. शाळेच्या ओट्यावरून पाळ दिसते. उभी आहे.
माणसं पाळीकडे पाहतात, मग माझ्याकडे. रामाजीने दोनदा विचारलं, कोणाला ते कळलं नाही, "जाऊन ढोरं पाहून येऊ का?"
मी पाळीकडे पाहत बसलोय. मघाशी क्षणभर मनात आलं, फुटावी. एकदाची फुटावी, म्हणजे यांना कळेल.
चाळीस घरं आहेत खाली. इतका राग मला साहेबाचाही कधी आला नव्हता, जितका आत्ता स्वतःचा आला.
रामाजी उठला. त्याचा हात धरून त्याला बसवलं आहे. हात अजून सोडला नाही.