पुढचा डावा टायर

९ ऑक्टोबर

कव्हर काढलं! तीन वर्षांनी. धूळ नाकातोंडात गेली, एक पाल अंगावर येता येता राहिली. खाली गाडी तशीच. डावीकडचं पुढचं दार तेवढं नंतर बसवलेलं, त्याचा पांढरा रंग बाकीच्या पांढऱ्याशी अजून जुळलेला नाही.

आत बसले. शेजारची सीट अजून पार मागे सरकवलेली — उंटाच्या पायांसाठी. सहा फूट दोन इंच! हे नाव त्याला बहिणीनं दिलं आणि मग घरात त्याला खऱ्या नावानं कुणी हाक मारलीच नाही. सीटला हात लावला नाही. ‘बेल्ट लाव रे’ म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

लेकीचा सकाळी फोन. “आई, डॉक्टर म्हणतात शेवटचा महिना एकटी राहू नको. हा तर बोटीवर. हॉस्पिटल तासभर लांब आहे. तू गाडी घेऊन येशील?” येते म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिच्याकडे जायचं म्हणजे घाट ओलांडायचा. तोच घाट. फोन ठेवल्यावर खुर्चीवर बसूनच राहिले.

ह्यांना सांगितलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, “टायर बघून घे.” तीन वर्षांत गाडीबद्दलचं पहिलं वाक्य!

११ ऑक्टोबर

कोपऱ्यावरचा मेकॅनिक येऊन नवी बॅटरी बसवून गेला. गाडी चालू झाली, पण रस्त्यावर काढली तर थडथड थडथड — दात वाजायला लागले. म्हणाला, “मावशी, हे नुसते दिसायला टायर आहेत. एका जागी उभं राहून चपटे पडलेत. चारही बदला. घाटात जायचं म्हणता, मग बदलाच.”

आणखी एक. डॅशबोर्डवर दार उघडं असल्याचा लाल दिवा लागतो. डाव्या दाराचा. खड्डा आला की लागतो, मग विझतो. कुणी आत्ताच चढून दार ओढून घ्यावं तसा. मेकॅनिक म्हणाला, दार नीट बसवलेलं नाही. असेल. मी मात्र दर वेळी मान वळवून बघते.

१२ ऑक्टोबर

लेकीकडे न्यायच्या वस्तू काढत होते. कपाटातली गरम पाण्याची रबरी पिशवी — खोक्यात, न वापरलेली, किती वर्षं जपून ठेवलेली! पाणी भरलं आणि बूड फाटलं. पायावर आलं असतं. दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

उंट माझ्या कपाटाला ‘आईचं म्युझियम’ म्हणायचा. नवे टॉवेल, नव्या चादरी, बल्बची खोकी. ‘तिकीट किती?’ विचारायचा. आणि मी त्याच्या मागे लाटणं घेऊन!

१५ ऑक्टोबर

दोन दुकानं झाली. पहिलं चकाचक. टाय लावलेला पोरगेला माणूस, कॉफी वगैरे. मी विचारलं, “पावसात, धुक्यात, थंडीत, उन्हात — सगळ्याला चालेल असं काय आहे? परवडणारं?” त्यानं परवडणारं हा शब्द ऐकलाच नाही. त्यानं दाखवलेल्या चार टायरांत आमची अख्खी गाडी आली असती.

दुसरीकडे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले. स्वस्त! पण मेकॅनिक आधीच म्हणाला होता — ते घेतले तर मी तुमच्या गाडीला हात लावणार नाही. गप परत आले.

घरी ह्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमचं असंच चालतं. भाजी काय करू, वीजबिल आलं का, दार लावलंस का.

२० ऑक्टोबर

आज ज्या दुकानात गेले ते एक बाई चालवतात. मेकॅनिकनंच पाठवलं. सगळे त्यांना रबरबाई म्हणतात, त्यांनाही चालतं. साठीच्या असतील, नाकावर घसरलेला चष्मा, हात कोपरापर्यंत काळे.

म्हणाल्या, “बारमाही घ्या. बारमाही टायर म्हणजे कशातच पहिला नंबर नाही, पण कुठेच नापासही नाही. माझ्या नवऱ्यासारखा.” मला हसू आलं. किती दिवसांनी!

कोपऱ्यात चार टायर दिसले. आमच्याच मापाचे, कागद चिकटलेला, रबराचे बारीक केससुद्धा तसेच. किंमत निम्मी. म्हटलं, “हेच द्या!”

“ते तुम्हाला नाही देणार, ताई. पडून आहेत इथे सात वर्षं.”

“वापरलेत कुठे? नवे कोरे आहेत की!”

त्यांनी मला वाकायला लावलं. टायरच्या कडेला एका लंबगोलात चार आकडे होते. “पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. टायर कधी बनला ते. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतंच. वरून नक्षी झकास आणि आतून कडक, चिरलेलं. दहा-अकरा वर्षं झालेला टायर साध्या वेगातही फुटतो. लोक काय करतात सांगू? डिकीतली स्टेपनी, गाडीबरोबर आलेली, कधीच न लागलेली — एक दिवस काढतात आणि लावतात पुढे. नवी आहे म्हणून!”

मला काउंटर धरावा लागला. त्यांनी पाणी दिलं, स्टूल दिलं. काय झालं विचारलं नाही. बाई शहाणी आहे.

२१ ऑक्टोबर

लिहिणार नव्हते. लिहिते.

तेव्हाचा फेब्रुवारी. पुढच्या डाव्या टायरला दगडाची चीर गेली होती. हे म्हणाले, “दोन नवे घेऊ, पुढचे दोन्ही जोडीनं बदलू.” मी पोळ्या लाटत होते. मी म्हटलं — शब्द न् शब्द आठवतो — “डिकीत स्टेपनी नवी कोरी पडून आहे ती काय पूजेला ठेवलीय? ती लावा. उगाच पैसे उधळायचे!” हे एकदा म्हणाले, “जुनी आहे ती.” मी म्हटलं, “एकदा तरी लागलीय का?” मग ह्यांनी ती लावली. माझ्यापुढे कधी वाद घालत नाहीत.

चार दिवसांनी घाटात टायर फुटला. गाडी डावीकडून कठड्यावर गेली. हे बाहेर आले. उंट नाही आला.

हॉस्पिटलात डॉक्टरांना सांगताना ऐकलं मी — “साठच्या आत होतो हो, साठच्या आत.” आणि दोन दिवसांनी पोलिसांना लिहून दिलं, ‘मी वेगात होतो.’ सही केली. मला वाटलं, आधी खोटं बोलत होते, आता खरं बाहेर आलं. सगळ्या नातेवाइकांसमोर मी म्हटलं, “तुमच्या वेगानं माझं पोर मारलं.” ह्यांनी मान खाली घातली. ती अजून वर केलेली नाही.

स्टेपनी माझ्या डोक्यातही आली नाही. एकदाही नाही.

२२ ऑक्टोबर

आज काही नाही.

२५ ऑक्टोबर

गाडी घेतली त्याला चौदा वर्षं झाली. चौदातून तीन गेली की अकरा. शाळेच्या ऑफिसात चौतीस वर्षं मुलांची जन्मसालं तपासली, आणि हे एवढं वजाबाकीचं गणित मला तेव्हा सुचलं नाही.

पण स्टेपनी मधे कधी बदलली असेल! ह्यांनी मला न सांगता. असू शकतं ना? चारही टायर मधे एकदा बदलले होते, तेव्हा पाचवाही बदलला असेल. ह्यांना विचारलं की संपलं. विचारवत नाही.

तो फुटका टायर मागच्या शेडमध्ये आहे. ह्यांनीच आणून खिळ्यावर टांगला. भंगारवाला मागायला आला तेव्हा अंगावर धावून गेले होते, हे — ज्यांनी कधी माशी मारली नाही. मला वाटायचं, स्वतःला शिक्षा म्हणून ठेवलाय. बरं वाटायचं मला. हो, बरं वाटायचं. इथे तरी खरं लिहावं.

शेडला कुलूप नाही. बारा पावलं आहेत. आकडे चारच वाचायचे आहेत.

२६ ऑक्टोबर

गेले नाही.

२९ ऑक्टोबर

घरभर तारखा वाचत सुटलेय. कुकरची जास्तीची रिंग, औषधं, गॅसची नळी, पायपुसण्याखालचं रबर. म्युझियम अर्धं रिकामं केलं. नव्या चादरी अंथरल्या. ह्यांनी चादरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “पाहुणे येणारेत का?” म्हणाले. “नाही,” म्हटलं. आत जाऊन रडले.

गाडीत बसले की तो लाल दिवा. आता वाटतं, उंट डावीकडे बसून माझ्याकडे बघतो, पण काही बोलत नाही. तो माझ्यावर कधी रागवायचा नाही. चिडवायचा नुसता. रागव की रे!

३ नोव्हेंबर

टायर ठरले. रबरबाईंनी तीन दाखवले. एक महाग. एक फार स्वस्त, पण ओल्या रस्त्यावर तो भरवशाचा नाही म्हणाल्या. मधला घेतला — कंपनीचं नाव कधी ऐकलं नव्हतं, बारमाही, पाणी बाजूला टाकायला खोल खाचा, थंडीत दगड होत नाही. मी चष्मा लावून चारही टायर स्वतः फिरवून आकडे वाचले. ऑगस्टमधले, ह्याच सालचे. पाचवाही घेतला, स्टेपनीला. रबरबाई म्हणाल्या, “पाचवा सहसा कुणी घेत नाही.” मी म्हटलं, “मी घेते.”

बसवून झाल्यावर चक्कर मारायला त्या शेजारी बसल्या. पाय पुरेनात. सीट पुढे ओढायला खाली हात घातला आणि मी ओरडले, “नको!” केवढ्यांदा! रस्त्यावरची माणसं वळली. त्यांनी हात काढून घेतला आणि चक्कर संपेपर्यंत शाळेतल्या पोरीसारखे पाय लोंबकळत ठेवून बसल्या. उतरताना एवढंच विचारलं, “मुलगा?” मी मान हलवली.

थडथड गेली. गाडी लोण्यासारखी चालते.

४ नोव्हेंबर

हे अंगणात आले. आपणहून! गाडीपाशी गेले, गुडघे धरून खाली बसले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. नक्षीकडे बघितलंच नाही. टायरच्या कडेवरून बोट फिरवत फिरवत नेलं आणि थांबवलं. बरोब्बर त्या चार आकड्यांवर. चष्मा कपाळावर सरकवून वाचले. मग दुसरा टायर. मग तिसरा, चौथा. डिकी उघडून पाचवा.

आत येऊन म्हणाले, “चांगले आहेत. ताजे आहेत.” आणि पाणी प्यायले.

टायर ताजा असतो हे ह्यांना कधीपासून माहीत? हे तर बँकेत कॅशियर. आयुष्यात टायरवर काय लिहिलेलं असतं ते बघितलं नव्हतं. ते आकडे ह्यांना कुणी दाखवले? आणि कधी?

उद्या शेडमध्ये जाणार. परवा निघायचंय, जाऊनच निघणार.

५ नोव्हेंबर

गेले. टायर खिळ्यावर होता. कंपनीचं नाव वाचता येतं. माप वाचता येतं. लंबगोल आहे. आतले चार आकडे नाहीत — कानशीनं घासून घासून काढलेत, पार आतले धागे दिसेपर्यंत. दुसरी बाजूही तपासली, तिथे आकडे नसतातच. खाली फळीवर कानस, तिच्या दातांत अजून काळं रबर.

मला कधीच कळू नये म्हणून. तीन वर्षं माझं बोलणं स्वतःवर घेतलं.

आत गेले. हे पेपर वाचत होते. मी दारातूनच म्हटलं, “अहो, तुम्ही साठच्या आत होता.”

ह्यांनी पेपर खाली ठेवला. मान वर केली.

“पंचावन्न,” म्हणाले. “पंचावन्नला होतो.”