अर्ध्या भावाचा वानोळा

रत्नागिरी,
७ मे २००२

चि. स्वरूपभाऊजींना वहिनीचे आशीर्वाद.

आम्ही सगळी बरी आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. शेजारचे सखाराम उद्या मुंबईला निघालेत. त्यांच्याकडे हे पत्र आणि वानोळा देते आहे. आईंच्या पितळी डब्यात सहा हापूस आहेत. अजून दोन दिवस पेंढ्यातच राहू द्या. घाई केलीत तर आंबट लागतील, आणि तुमची घाई मला ठाऊक आहे.

नोकरी लागली का? वेबसाइट बुडाल्यावर तुमच्यातल्या बऱ्याच जणांना लागली म्हणे. पैसा घालणाऱ्या साहेबांनीही आता दुसरं काही काढलं असेल.

तुम्ही ते वेबसाइटवर आंबे विकायचं खूळ घेऊन आलात, तेव्हा मी ओटीवर सुपारी कातरत होते. तुमचे दादा मुंबईला दोनशे रुपये डझनाने पाठवत तोच आंबा त्यांच्याकडून दीडशेला घ्यायचा आणि घरपोच शंभराला विकायचा. मी विचारलं, "भाऊजी, ह्यात सुटतं काय?" तुम्ही हसलात. म्हणालात, "वहिनी, आधी गिऱ्हाईक, नफा मागाहून. ह्याला गुंतवणूक म्हणतात." मला ते काही पटेना. पण दादाच मला म्हणाले, "तू गप ऱ्हा गो. शिकलेला हाय तो." आणि त्यांनी आपली सगळी मुंबईची गिऱ्हाइकं तुमच्याकडे वळवून दिली.

त्या सवलतीचं नाव तुम्ही 'वानोळा' ठेवलंत. अहो, वानोळा आपल्या झाडाचा असतो, आपल्या माणसाला असतो. त्याला भाव नसतो, अर्धासुद्धा नसतो. पण नाव वाचून लोकांना वाटलं, दादांनीच प्रेमाने स्वस्त दिला. वानोळ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून कुणी इथे आमच्याकडे चकल्या पाठवल्या, कुणी लोणच्याची बरणी. दादा किती खूश होते. मीही हसत हसत बरण्या धुऊन ठेवल्या.

पुढच्या मोसमाआधीच तुमचं दुकान बंद झालं. दादांनी सगळ्यांना कळवलं, पेट्या पूर्वीसारख्या मीच पाठवतो, पूर्वीच्याच भावाने. गिरगावच्या सुलभाबाईंचा फोन आला. त्यांच्याकडे माझ्या लग्नाआधीपासून आपला आंबा जातो. म्हणाल्या, "शंभरात परवडत होतं ना तुम्हाला? म्हणजे इतकी वर्षं आम्हाला लुटतच होतात."

दादांनी फोन ठेवला आणि ते पडवीत जाऊन बसले. त्यानंतर आणखी तसेच फोन आले, आणि बरेचसे आलेच नाहीत. तुमचा तोटा साहेबांनी सोसला, भाऊजी. पण आमचा खरा भाव लोकांना चोरीचा वाटायला लागला, तो तोटा कुणी सोसायचा? मला तुमचा राग येतो. फार येतो. आणि तुम्ही मुद्दाम काही केलं नाहीत हे माहीत असल्यामुळे तो कुठे ठेवावा तेही कळत नाही.

त्या वर्षी आंबा दलालाला घातला. आलं ते खतपाण्यालाही पुरलं नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. दिवाळीत बाग विकली. जागा दादांनी स्वतः घेतलेली, त्यांच्याच नावावर, म्हणून तुमची सही लागली नाही. मुंबईचे कुणी तिथे बंगला बांधताहेत. कलमं तोडली. लाकूड पेट्यांच्या फळ्यांसाठी गेलं. दादा गुहागरला एका बागायतदाराकडे रोजावर आंबे निवडायला जातात. शनिवारी घरी येतात, जेवतात, झोपतात. तुम्हाला कळवू नको म्हणाले होते. "त्याला वाईट वाटंल गो," एवढंच.

विहिरीजवळचं एक कलम तेवढं राहिलं आहे. पावसाआधी तेही जाईल. डब्यातले आंबे त्याचे आहेत.

सावकाश खा. डबा परत पाठवू नका, भरलेलाही नको. पुढच्या वर्षी त्यात घालायला इथे काही नाही.

तुमची,
मालनवहिनी