स्टेपनीला हात लावून दाखवा

२ फेब्रुवारी, सोमवार
ट्रकखाली वाकून पाहिलं. स्टेपनीत हवा कमी. नवाकोरा टायर, हवा जाईलच कशी? मेहुण्याचंच काम. शनिवारी फर्निचरची पहिली खेप वेळेवर पोचली तर कारखान्याचं काम कायमचं माझं, नाहीतर त्याचं. मालकांनी दोघांना समोर उभं करून सांगितलंय. तेव्हापासून याच्या पोटात दुखतंय. बायकोला म्हटलं, तुझा भाऊ हवाचोर आहे. ती म्हणाली, व्हॉल्व्हची पिन बदला. माहेरची बाजू घ्यायला ही कायम तयार.

३ फेब्रुवारी
हवा टम्म भरली आणि स्टेपनी उलटी टांगली. व्हॉल्व्ह वर, चासीच्या पोटाशी. कुणाचं बोट पोचत नाही. माझंही नाही, पण मला कुठे हवा काढायचीय? बायकोनं विचारलं, तपासणार कशी? ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांनी बोलू नये.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी
मेहुणा ट्रकपाशी वाकलेला सापडला! म्हणे ताईला भेटायला आलोय, चपला काढतोय. चपला आमच्याच दारात काढायच्या आणि ट्रकही तिथेच उभा. योगायोग म्हणे.

५ फेब्रुवारी
वेल्डरकडून स्टेपनीला लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा करून घेतला. तो म्हणाला, एका बाजूला बिजागरी आणि कुलूप ठेवू, काढायची वेळ आली तर? कुलूप म्हणजे चोराला आमंत्रण. चारही बाजू वेल्ड. वेल्डर माझ्याकडे बघतच राहिला. कौतुकानं.

६ फेब्रुवारी
मेहुण्याची स्टेपनी पाहिली. एक साखळी, एक नट. बावळट. आणि हा म्हणे कारखान्याचं काम करणार!

७ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी
भर रस्त्यात पुढचा टायर फुटला. हरकत नाही. स्टेपनी सुरक्षित आहे.

थोड्या वेळानं
पाना झाला, पहार झाली, लाथ झाली. पिंजरा दाद देत नाही. काम अव्वल झालंय.

आणखी थोड्या वेळानं
वेल्डर कटर घेऊन आला. पट्ट्या कापल्या. स्टेपनी धप्पकन पडली आणि चपटीच राहिली. पिन गळतेय म्हणाला. हाही त्याला सामील.

बायकोनं फोन करून भावाला पाठवलं. त्यानं आपली स्टेपनी सोडून पुढे केली. म्हणाला, दाजी, ही लावा, अजून वेळेत पोचाल. मी डाव ओळखला. चोराच्या टायरवर माझा ट्रक चालणार नाही, असं तोंडावर सांगितलं. मग मालकांचा फोन आला आणि सगळा माल त्याच्या ट्रकात चढला. डोळ्यांत पाणी आलं. कटरच्या धुरानं.

८ फेब्रुवारी, रविवार
काम मेहुण्याला मिळालं. बायको बोलत नाही. ट्रक घरी आला तो शेवटी त्याच्याच स्टेपनीवर. ती बहीणभावांनी मला न विचारता लावली. उद्या न्यायला येतो म्हणालाय.
चाकाला साखळी घातली. दोन कुलपं लावली. अशा माणसाचा भरवसा नाही.