कमलीबाईचे घर आणि एक खोडलेली अट

मी, जगदेव खेमाजी, ख्रिस्ती, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा अर्जनवीस, राहणार वाशीम, जिल्हा अकोला, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या भिडेखातर वा दाबाखाली न येता लिहून ठेवतो की, माझ्या घशातली गाठ आता पाणीही धड जाऊ देत नाही. आवाज नाताळापासून गेला आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या काहींचे मत निराळे आहे, पण त्यांच्याजवळ दाखला नाही.

जन्मभर कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसून मी लोकांचे अर्ज लिहिले. पक्षकार सांगे एक, मी लिही दुसरे, आणि तो अंगठा उठवून म्हणे, "हेच तं म्या म्हनलं होतं!" तेव्हा दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द कसे घालावेत, हे मला कोणी शिकवू नये. देवाच्या तोंडी घालणारे तर त्याचा अंगठाही घेत नाहीत.

कलम १. माझी लेखणी, दौत व उतरते मेज माझा शेजारी अर्जनवीस हबीब यास. माझ्या अक्षराला तो कोंबडीचे पाय म्हणत आला. आता त्याच मेजावर त्याने आपले मोर नाचवावेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. त्याला साक्षीला बसवले नाही, कारण साक्षीदाराला दिलेले रद्द होते, आणि हे त्याने मला चारचौघांत ऐकवले असते.

कलम २. मला माझी मुलगी मार्था हिच्या उजवीकडे पुरावे. डावीकडे तिची आई आहे. कबरीवर कोणी भाषण करू नये.

कलम ३. हल्ली मी जिच्यावर बोलतो ती पाटी मंडळीचे वडील, म्हणजे पंच, रामकिसन मास्तर यांस. गेल्या महिन्यात ते उशाशी बसून म्हणाले, "जगदेवभाऊ, प्रार्थनेत मले सफा दिसलं. तुमच्या घरात मंडळी भजनाले बसली हाये."

मी पाटीवर लिहिले, "तुमच्या घरात कायले नाई बसली?"

"ते काई प्रभूनं दाखवलं नाई, भाऊ."

तरी मास्तरांनी यापुढे देव बोलला की ते आधी या पाटीवर लिहावे, रात्रभर तसेच ठेवावे, आणि सकाळी अक्षर कोणाचे आहे ते पाहावे.

कलम ४. माझे राहते घर, परसातल्या विहिरीच्या हक्कासह, माझी थोरली बहीण कमलीबाई हिला. ती सध्या अनसिंगला लोकांच्या ओसरीवर पडून आहे व तिला दिसत नाही.

हबीबला हे वाचून नवल वाटेल, म्हणून कारण लिहितो. अकरा वर्षांपूर्वी मार्थाला घटसर्प झाला. मी खटल्याच्या कामाने यवतमाळला होतो. दवाखान्यात न्यायला अकोल्याच्या मोटारीत जागा मिळाली होती. पोरीला उचलून आई निघालीही होती. कमलीबाई दारात आडवी झाली. "नेऊ नको वं. मले आवाज आला. पोरगी उठंल म्हने." मोटार निघून गेली. मी पोचलो तेव्हा पेटीला खिळे ठोकणे चालू होते.

कबरीवर ती म्हणाली, "जग्या, म्या लख्ख आयकलं रे. उठंल म्हनला तो."

मी म्हणालो, "न्यायाच्या शेवटल्या दिवशी उठंल म्हनला असंल. तुवा अर्धंच आयकलं."

त्यानंतर तिच्याशी बोललो नाही.

आता आवाज गेल्यापासून एकच विचार येतो, घर कमलीला दे. हाकलला तरी येतो. आजवर माझी कसोटी सोपी होती. ज्या आवाजात ऐकणाऱ्याचा फायदा, तो त्याचा स्वतःचा. मास्तर तिथे लगेच सापडले. पण कमलीचा काय फायदा होता? आमची आई गेल्यावर मला तिनेच वाढवले, मार्थालाही तिनेच न्हाऊमाखू घातले. तिने जीव ओतून ऐकले आणि चूक ऐकले. म्हणजे ती कसोटी गेली. उरली एकच. ऐकण्यात चूक झाली तर भुर्दंड कोणावर? तिची चूक मार्थाने भरली. माझी झाली, तर एक घर जाईल, तेही माझे. देव बोलला असे मी लिहीत नाही. त्याचा अंगठा माझ्याजवळ नाही. सही माझी आहे. हे माफीपत्रही नव्हे.

कलम ५. या जागी मी एक अट घातली होती. कमलीबाईने घरात राहावे, पण मार्था जिथे गेली त्याच खोलीत मरेपर्यंत निजावे. अट कायद्याला धरून होती, भाषाही झकास उतरली होती, लिहिताना हात कुठे अडला नाही. तो आवाज कोणाचा, हे ओळखायला मला पाटी लागली नाही. अट खोडली आहे. तिने हवे तिथे निजावे.

कमलीबाईला दिसत नसल्याने हे मृत्युपत्र हबीबने तिला वाचून दाखवावे. वाचताना हे पाचवे कलम गाळावे.

कलम ५ मधील दोन ओळी खोडल्या आहेत, ती खोडाखोड माझ्या हातची.

मुक्काम वाशीम, तारीख १६ माहे फेब्रुवारी सन १९३७
(सही) जगदेव खेमाजी

आम्हां दोघांसमक्ष वरील इसमाने सही केली. सही आपलीच असे त्याने पाटीवर लिहून दाखवले.
साक्षीदार:
१. गोविंदसिंग धनसिंग, पेन्शनर हवालदार
२. बदरुद्दीन, कापडवाले