जेट नंबर सात, ओके

बमरोली, सुरत
रविवार

प्रिय वाल्मिक,

पाकीट बघून तू चक्रावला असशील. आठवड्याला फोन करणारा मगन पत्र कशाला लिहायला बसला? तर फोनवर माझं काय होतं ते सांगतो. तू विचारतोस, कसं चाललंय, आणि मी म्हणतो, सगळं ओके. एकदा ते म्हटलं की पुढचं काही तोंडातून निघत नाही. गेल्या रविवारीही तेच झालं. म्हणून आज नूतनला तिच्या बहिणीकडे पाठवलं आणि दाराला कडी घालून बसलोय. दहावीच्या पेपरानंतर मी इतकं कधी लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

हा शब्द आपल्याला कुठे भेटला, आठवतं? उधन्याला गाडीतून उतरलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मिलमधल्या श्रीरंग मास्तरांनी तुझ्या हातात खडू दिला आणि तपासलेल्या ताग्यावर ओके लिहायला सांगितलं. तू माझ्या कानाशी लागून विचारलंस, हे काय असतं रे? मी दहावी पास आणि तू नववी नापास, म्हणून ऐटीत सांगितलं, ओके म्हणजे बरोबर. मोठा शहाणा लागून गेलो होतो! महिनाभरात कळलं की ह्या दोन अक्षरांना काही धरबंधच नाही. शेठ ओके म्हणाले म्हणजे आता तू नीघ. मास्तर लांबून ओरडले म्हणजे मशीन चालू कर. तेच त्यांनी जवळ येऊन हळू विचारलं म्हणजे समजलं नसेल तरी मान हलव. ट्रकच्या पाठीवर हॉर्न आणि प्लीजच्या मध्ये हा काय करतो, ह्यावरून आपण दोघं आठवडाभर भांडलो होतो.

तुझ्यासाठी मुलगी बघायला तुझ्या घरच्यांबरोबर मीच गेलो होतो. तुला मिलमधून सुट्टी नव्हती. एसटीडीवरून मी दोनच शब्द बोललो, मुलगी ओके, आणि तू पुढचं काही न विचारता खात्यात पेढे वाटलेस. सरलावहिनी अजून त्यावरून माझी थट्टा करतात. ललित झाला तेव्हा नर्सबाई बाहेर येऊन म्हणाली, बच्चा ओके छे, आणि तू दवाखान्याच्या व्हरांड्यात मला कमरेला धरून उचललंस. नूतनचा ओके म्हणजे आज माझ्याशी बोलू नका. आमचा आशिष पुण्याहून एवढंच लिहितो, ओके, आणि पोरगा जेवला की उपाशी झोपला ते मी त्यातून ओळखत बसतो. तू म्हणायचास, मगन, तुझ्या तोंडात दातांपेक्षा ओके जास्त आहेत. खरंच होतं ते.

मग रंगखात्याच्या वाफेने तुझा खोकला हटेना, तू गावी गेलास, पिठाची गिरणी टाकलीस. बरं केलंस. मी राहिलो, फिटर झालो. आणि दोन वर्षांपूर्वी आयटीआय झालेल्या ललितला घेऊन तू माझ्या दारात उभा राहिलास. चहा घेता घेता पोराचा हात माझ्या हातात देऊन म्हणालास, 'मगन, मना आंडोर तुना हवाले शे.' मी काय म्हणालो असेन ते तुला वेगळं सांगायला नको.

पोरगा काय होता रे तुझा! आमच्याच घरी जेवायचा. नूतनने आपल्या गावाकडची कळण्याची भाकरी केली की दोन जास्त खायचा आणि मग लाजून ताट स्वतः घासायचा. चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरायचा. मशीन चालू असताना दुसऱ्यांची बोटं मोबाईलवर फिरत असायची, हा आपला मोबाईल बंद करून डब्याच्या पिशवीत ठेवायचा. नूतन त्याला म्हातारा म्हणायची. त्या गुरुवारीही मोबाईल पिशवीतच होता, वाल्मिक. ती पिशवी मीच तुझ्या हातात दिली, मोबाईल आत बंदच होता. तरी तू सगळ्यांना सांगत फिरतोस की मोबाईलच्या नादात पोराचं लक्ष नव्हतं. तपासणीच्या साहेबांनी तसा अंदाज बोलून दाखवला, तू तो धरून बसलास, आणि मी गप्प राहिलो.

रविवारी फोनवर तू म्हणालास, वर्षश्राद्धाला ये, माझ्या शेजारी बस, तुझ्या घरचं अन्न त्याच्या पोटात गेलंय. मागून वहिनींचा आवाज येत होता. धाकट्या शुभमला बोलत होत्या, 'भाऊसारखा वेंधळेपणा नको करू.' तू म्हणालास, काय करणार, पोराने घाई केली, त्याचं त्याने भोगलं. मी ओके म्हणालो आणि फोन ठेवला. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. नूतन म्हणते बीपी तपासा.

जेट म्हणजे काय ते तुला सांगायला नको, पण हे वहिनींनी आणि शुभमनेही वाचावं म्हणून लिहितो. लोखंडाची मोठी बंद टाकी. तिच्यात रंगाच्या उकळत्या पाण्यात दाबाखाली कापड शिजतं. काम झालं की दाब सोडायचा, बाहेरच्या मीटरचा काटा झिरोवर आला की मगच झाकण उघडायचं. आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही, माणसाने त्या काट्यावरच विश्वास ठेवायचा. आणि तो काटा खरं बोलतो की नाही हे रोज सकाळी बघायचं काम फिटरचं, म्हणजे माझं. बारा जेट, बारा मीटर. बघून रजिस्टरात प्रत्येकासमोर ओके लिहायचं. पहिली काही वर्षं मी खरंच फिरून बघायचो. मग चहा पिता पिता एका जागी बसून वरपासून खालपर्यंत बारा ओके लिहून मोकळा व्हायला लागलो. सगळेच तसं करतात. पण सगळ्यांच्या ओकेवर तुझा पोरगा उभा नव्हता.

आता लिहितो. त्या आठवड्यात ललित सात नंबर जेटवर होता. सोमवारी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, काका, सात नंबरचा काटा झिरोवर येतो तरी आत दाब असतो, झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसते. मी म्हणालो, ओके. मंगळवारी पुन्हा म्हणाला. बुधवारी डबा खाताना तिसऱ्यांदा म्हणाला, आणि मी जरा तोडूनच म्हणालो, ओके रे बाबा, ओके. तो हसला. काकाने ओके म्हटलं म्हणजे काम झालं, असं त्याला वाटलं असणार. गुरुवारी सकाळी मी सात नंबरसमोर ओके लिहिलं, मशीनजवळ न जाता. दुपारी त्याने दाब सोडला, काटा झिरोवर येऊ दिला, आणि झाकण उघडलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाले, मगनभाई, तपासणीवाले यायच्या आत मीटर बदलून टाका. मी बदलला. मीच, ह्या हातांनी. साहेब आले, नवा मीटर बघितला, रजिस्टर बघितलं, मला विचारलं, मीटर बराबर होता? मी म्हणालो, ओके होता साहेब. त्यांनी लिहून टाकलं की कामगाराने दाब उतरायच्या आधी घाईने झाकण उघडलं. त्याच संध्याकाळी तुम्ही दोघं आलात. वहिनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या आणि मी त्यांना रडू दिलं.

वर्षभरात दोनदा मी कामगार कोर्टाच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. मी भित्रा माणूस आहे. उद्या कुणी समोर उभं करून विचारलं तर माझ्या तोंडातून पुन्हा तीच दोन अक्षरं निघतील, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून कागदावर लिहून देतोय, म्हणजे मला फिरता येणार नाही. खाली पूर्ण नाव आणि सही केली आहे. हे वकिलाला दाखव, पोलिसांना दाखव, मी नाही म्हणालो तर माझ्या तोंडावर मार. माफ कर असं लिहिणार होतो, पण ते मागायचं तोंड मला नाही. श्राद्धाला मी येणार नाही, माझं ताट मांडू नका. फक्त एक कर. वकिलाकडे जायच्या आधी शुभमला जवळ बसवून हे वाचून दाखव. तुझा भाऊ वेंधळा नव्हता, त्याने काटा झिरोवर येईपर्यंत वाट पाहिली होती.

तुझाच म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
मगन धुडकू पाटील
फिटर, जेट खातं