पाठीवरचा डबा

४ मे
जेवताना ऋतिकानं विचारलं, "आई, मी फरशीवरून पाण्यात पडले तर तू उडी मारशील?"

फरशी म्हणजे नदीवरचा आमचा तो बिनकठड्याचा बुटका पूल. पावसाळ्यात शाळेची व्हॅन पलीकडेच थांबते. व्हॅनमधल्या चंद्राबाई पोरांना हाताला धरून इकडून तिकडे नेतात.

"मारीन की!" मी म्हटलं. अगदी सिनेमातल्या आईसारखी छाती फुगवून!

ही भाकरी मोडत शांतपणे म्हणते, "पण तुला पोहता येत नाही. मग चंद्राबाईंना दोघींना काढावं लागेल."

कैलासला हसून हसून ठसका लागला. पाणी दिलं नाही मी नवऱ्याला. लागू दे!

५ मे
सकाळपासून तेच डोक्यात. माहेर नदीकाठी, सासर नदीकाठी, आणि बाईला पोहता येत नाही! वर नदीच्या जिवावर दोन खोल्या भाड्यानं देते. फोनवर पुण्याच्या लोकांना सांगते, "पाऊस एकदम भारी, खिडकीतून नदी दिसते, या!" दिसते. आपण नुसतं बघायचं.

माहेरी पोरांना विहिरीत ढकलायचे आणि पोरींना भांडी घासायला बसवायचे. ऋतिका मात्र तिसरीतच शिकली, गेल्या मे महिन्यात. तिच्या आत्यानं, म्हणजे शारदाताईंनी पाठीला डबा बांधून विहिरीत सोडलं, आठवड्यात डबा सुटला. मी काठावर टॉवेल घेऊन उभी.

शारदाताई आत्ताही सुट्टीला आल्यात, कासार आंबोलीहून. हळूच विचारलं, मला शिकवाल का. वरपासून खालपर्यंत बघितलं माझ्याकडे. "व्हय, ये की. पन डबा मोठा लागंल."

७ मे
उतरले विहिरीत! पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला, पाठीला प्लॅस्टिकचा डबा. पाणी कमरेला लागलं आणि मी शारदाताईंच्या गळ्यात.

"सोड! मला बुडवतीस का काय!"

वरून ऋतिका ओरडतेय, "आई, पाय मार, पाय!" मारत होते ना. शारदाताईंच्या पोटात.

८ मे
गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. दुखत नव्हतं.

१४ मे
डबा असला की मी राणी. तरंगते, हात हलवते, गप्पासुद्धा मारते! म्हणून आज जरा मिजास आली. डबा बांधायच्या आधीच पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीवर पाणी घोट्याएवढं. घोट्याएवढंच! शेवाळावरून पाय सटकला आणि थेट आत. पाय टेकायला खाली काहीच नाही. नाकातोंडात पाणी. शारदाताईंनी वेणीला धरून काढलं.

बाहेर आल्यावर सगळे हसले, मीही हसले. पण घरी येईपर्यंत शारदाताईंचा हात सोडला नाही. खूप घाबरले मी आज.

१५ मे
ऋतिका पहाटेच उशाशी येऊन उभी. "आई, आज जायचं ना?" मी शिकावं म्हणून हिचा एवढा जीव का तुटतोय, देव जाणे. गेले.

२३ मे
सुटले! डब्याशिवाय विहिरीची आख्खी एक फेरी! मला वाटलं मी डौलात पोहतेय. शारदाताई म्हणाल्या, "म्हस बरी दिसती. पन आलं बाई तुला, आता न्हाई बुडत."

ऋतिका काठावर टॉवेल घेऊन उभी होती. मला वाटलं, नाचेल, टाळ्या वाजवेल. नुसती माझे केस पुसत म्हणाली, "आता बरंय."

मीच रात्री कैलासला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो झोपलेला होता.

२० जून
शाळा सुरू. पाऊस सुरू. खोल्या फुल्ल. विहिरीकडे कुणी बघत नाही, पण चालताना माझी मान जरा वरच असते.

९ जुलै
आज गावभर शोभा झाली!

दुपारी फरशीवरून पाणी चाललं होतं. पलीकडे व्हॅनमधून पोरं उतरली, अलीकडे आम्ही सगळे छत्र्या घेऊन. कैलास म्हणाला, "घोट्याएवढं तर हाय, येऊ द्या!" दरवर्षी मीही हेच म्हणते, कधीकधी त्याच्याही आधी. आज ती विहिरीतली पायरीच डोळ्यांपुढे आली आणि तोंडातून किंकाळी निघाली. "चंद्राबाई, आणू नका! मागं न्या पोरांना! मागं न्या!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी मागून म्हणालं, "पवायला शिकली अन् भित्री झाली की गं ही!"

पण चंद्राबाईंनी ऐकलं. बाकीची पोरं पलीकडे ओळखीच्यांकडे राहिली, ऋतिका व्हॅननं कासार आंबोलीला शारदाताईंकडे गेली. कैलास चिडलाय. पोरीची उद्या परीक्षा, पुस्तकं घरी.

आणि पाणी? संध्याकाळपर्यंत उतरलं! फरशी कोरडी ठणठणीत, बकऱ्या चालल्या होत्या वरून. तोंड कुठं लपवू!

१० जुलै
किराणा आणायला गेले. दुकानदार म्हणे, "वहिनी, वाटेत डबकं हाय, डबा बांधून जा." हसले. काय करणार?

११ जुलै
ऋतिका आली. दप्तर ठेवलं, माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, तुला आता पोहता येतं, म्हणून सांगते. मागच्या पावसात मी फरशीवरून पडले होते. घोट्याएवढंच पाणी होतं. चंद्राबाईंनी दप्तराला धरून ओढलं. मीच म्हटलं, घरी सांगू नका."

मी कुठं होते, विचारलं.

"समोरच. पाठ करून फोनवर बोलत होतीस, पाऊस भारी आहे म्हणून. मी हाक नाही मारली. तू उडी मारली असतीस."